सातबारा नाही म्हणून हक्क नाही, हे कुणी सांगितलं?

पर्यटन प्रकल्पांच्या भरपाईबद्दलचा एक मेसेज सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. त्यात छातीठोकपणे चार गोष्टी सांगितल्या आहेत. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याला छदामही मिळत नाही. ज्याला मिळते त्याला चौपट मिळते, त्यामुळे नुकसान कुणाचंच नाही. हरकत घेतली की पैसे अडकतात, म्हणून मुकाट सही करा. आणि पर्यटन आलं की घरटी रोजगार येतो, मग पुनर्वसन हवंच कशाला?

असले मेसेज मी एरवी सोडून देते. पण हा माझ्या मामांपर्यंत पोचला. मामांनी जन्मभर होडी चालवली, धक्क्यालगतच्या घराखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर. मेसेज वाचून ते म्हणाले, "सर्व्हेवाले आले तर सांग, आमचं इथे काही नाही." एका खोट्या मेसेजपायी माणूस स्वतःचा हक्क स्वतःच्या तोंडाने सोडायला निघाला होता.

म्हणून पहिल्या दाव्यापासूनच सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. भूसंपादनाचा 2013 चा केंद्रीय कायदा 1 जानेवारी 2014 पासून लागू आहे. सार्वजनिक प्रयोजनांच्या यादीत त्याने पर्यटनाचं नाव घेतलं आहे, त्यामुळे 'हा कायदा धरणांसाठी, आपल्यासाठी नाही' ही पळवाटही बंद. त्याच्या कलम 3 मध्ये 'बाधित कुटुंबा'ची व्याख्या आहे. ज्याची जमीन जाते तो त्यात येतोच. पण स्वतःची जमीन नसलेले शेतमजूर, कुळं, वाटेकरी आणि कारागीरही येतात, संपादनाआधी तीन वर्षं त्या भागात काम करत असतील आणि त्यांचं पोट त्यावरच असेल तर. वनहक्क गमावणारे आदिवासी येतात. जंगलावर किंवा पाण्यावर जगणारी कुटुंबं येतात, आणि तिथे मच्छीमार आणि होडीवाले असा स्पष्ट उल्लेख आहे. मामांना मी हेच वाचून दाखवलं. मग कपाटातून बंदर खात्याचा परवाना निघाला, त्याच्या जुन्या पावत्या निघाल्या, रेशनकार्ड आणि वीजबिलं निघाली. तीन वर्षं सिद्ध करायला दुसरं काय लागतं?

अशा कुटुंबांना नेमकं काय मिळायला हवं, ते कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत लिहिलं आहे. घर जात असेल तर घर. प्रकल्पातून नोकऱ्या निर्माण होणार असतील तर नोकरी, नाहीतर एकरकमी 5 लाख रुपये, किंवा 20 वर्षं दरमहा किमान 2,000 रुपये. यातला पर्याय कुटुंबाने निवडायचा. विस्थापित कुटुंबाला वर्षभर दरमहा 3,000 रुपये निर्वाह भत्ता, सामान हलवायला 50,000 रुपये आणि शिवाय 50,000 रुपये पुनर्वसन भत्ता. या रकमा आजच्या महागाईत तुटपुंज्याच आहेत. पण त्या 'छदामही नाही' नव्हेत.

प्रकल्पाची बातमी लागली की रातोरात झोपड्या टाकणारे असतात, हे मेसेजवाल्यांचं म्हणणं मी नाकारत नाही. तीन वर्षांची अट त्यांच्यासाठीच घातली आहे. त्यांच्याकडे बोट दाखवून तीस वर्षं तिथे राहणाऱ्यालाही 'अतिक्रमणवाला' ठरवणं हा उघड अन्याय आहे.

चौपटीचं म्हणाल तर ते अर्धसत्य आहे. ग्रामीण भागात बाजारमूल्याला 1 ते 2 चा गुणांक लागतो आणि आलेल्या रकमेइतकीच दिलासा रक्कम मिळते. गुणांक 2 असेल तरच चौपट. शहरी भागात दुप्पट. आणि हे बाजारमूल्य निघतं मुद्रांकासाठी ठरलेल्या दरावरून किंवा आधीच्या तीन वर्षांच्या खरेदीखतांवरून, जे जास्त असेल ते. खरेदीखतात खरी किंमत किती वेळा लिहिली जाते, हे जमिनीचा व्यवहार केलेल्या कुणालाही विचारा.

'मुकाट सही करा' हा सल्ला तर माणसाला खड्ड्यात घालणारा आहे. जमीन घेणार असल्याच्या सरकारच्या पहिल्या जाहीर सूचनेनंतर, म्हणजे प्राथमिक अधिसूचनेनंतर, 60 दिवसांत लेखी हरकत घेता येते. तेवढ्यावरून भरपाई बुडते असं कायद्यात कुठेही नाही. उलट कलम 77 सांगतं की रक्कम हरकत राखून स्वीकारता येते, आणि ज्याने हरकत न नोंदवता पैसे घेतले त्याला वाढीव भरपाईसाठी कलम 64 खाली अर्ज करता येत नाही. म्हणजे मेसेजचं ऐकून सही केली की पुढचा दरवाजा कायमचा बंद.

रोजगाराबद्दल फार लिहीत नाही. गुजरातमधल्या केवडिया परिसरातल्या गावांची जमीन 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला धरणाच्या कामासाठी घेतली गेली. 2018 साली तिथे सरदार पटेलांचा पुतळा उभा राहिला, पर्यटक आले, आणि तिथले आदिवासी जमिनीसाठी भांडतच राहिले.

एक अडचण मात्र खरी आहे. प्रकल्प सरकारच्या स्वतःच्याच जागेवर होत असेल आणि संपादनच होत नसेल, तर हा कायदा आपोआप लागू होत नाही. अशा ठिकाणी पैसा कुणाचा आहे ते आधी शोधा. जागतिक बँकेचं कर्ज असेल तर तिच्या नियमांत मालकीहक्क नसलेल्या रहिवाशांनाही पुनर्वसनाची मदत आणि त्यांच्या बांधकामाची भरपाई द्यावी लागते. फेरीवाल्यांसाठी 2014 चा वेगळा कायदा आहे. 30 दिवसांच्या नोटिशीशिवाय त्यांना हलवता येत नाही.

जिथे संपादन होतंय तिथे बाधित कुटुंबांची पाहणी होते, त्यात भूमिहीनांच्या बुडणाऱ्या रोजगाराचीही नोंद करावी लागते. पुनर्वसन योजनेचा मसुदा गावात जाहीर करून त्यावर सुनावणी घ्यावी लागते. त्या मसुद्यात आपलं नाव आणि धंदा आहे का ते बघा. नसेल तर सुनावणीतच कागदपत्रांच्या प्रती जोडून लेखी अर्ज द्या, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.