वलगणीचे मासे वाट चुकलेले नसतात

पहिल्या मोठ्या पावसात कोकणातल्या ओहोळांतून भातखाचरांत चढणारे मासे, म्हणजेच वलगणीचे मासे, पकडतानाचे व्हिडिओ दरवर्षी फिरतात. सोबत एक वाक्य असतं: ‘हे वाट चुकून आलेत, पाणी ओसरलं की मरणारच, मग पकडले तर बिघडलं काय?’

हे चुकीचं आहे. हे मासे अंडी घालायलाच चढतात. पुराचं पाणी खाचरात पसरलं की उथळ नि कोमट होतं, बुडालेलं गवत कुजतं, त्यावर सूक्ष्म जीव वाढतात. पिल्लांना तेच खाद्य आणि गवताचाच आडोसा. नदीच्या लोंढ्यात यातलं काही मिळत नाही. मरळीची तांबूस पिल्लं तर घोळक्याने पाण्यावर येतात, आणि खाली आईबाप राखण करत असतात; बांधावरूनही दिसतं.

काही मासे डबक्यांत अडकून मरतात, एवढं खरं. पण बाकीची पिल्लं उतरत्या पाण्याबरोबर नदीत परततात. गाबोळीने पोट तटतटलेली एक मादी काढली, की तिच्याबरोबर हजारो अंडी जातात.

वलगणीची चव आम्हालाही ठाऊक आहे. तरी कळकळीने सांगतो, ओहोळ या काठापासून त्या काठापर्यंत जाळ्याने अडवू नका.