‘माहिती आहे ना, मग दिसण्याचं काय?’ : सरकारी संकेतस्थळांबद्दलचा एक गैरसमज

सरकारी संकेतस्थळांवर कुणी टीका केली की एक युक्तिवाद हमखास पुढे पाठवला जातो. ‘सरकारी साइट म्हणजे काही दुकान नाही. माहिती असली की पुरे, डिझाइन ही नुसती रंगरंगोटी. दिव्यांगांसाठी अक्षर मोठं करायची बटणं दिलेलीच आहेत. आणि ज्याला जमत नाही, त्याचं काम सेवा केंद्रात होतंच.’ यातलं एकही विधान मला पटत नाही.

आधी रंगरंगोटीचं. गेल्या वर्षी माझी आई एका अर्जाच्या एकाच पानावर पाऊण तास अडकली होती. रकान्यात काय लिहायचं ते रकान्याच्याच आत फिकट राखाडी अक्षरांत होतं आणि पहिलं अक्षर टाइप करताच ते नाहीसं व्हायचं. चुकलं की रकान्याची कड लाल व्हायची, पण काय चुकलं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, तिला ती कड दिसलीच नाही. माहिती सगळी होती, फक्त तिच्यापर्यंत पोहोचत नव्हती.

हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही, हे मोजता येतं. संकेतस्थळं दिव्यांगांनाही वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार नेहमीच्या आकाराची अक्षरं आणि पार्श्वभूमी यांतला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदपणातला फरक, किमान ४.५ : १ हवा. पांढऱ्यावर ९९९९९९ या रंग-क्रमांकाचा फिकट राखाडी वापरला तर तो जेमतेम २.८५ : १ भरतो. केवळ रंगावरून अर्थ सांगू नये, आपोआप सरकणारा मजकूर ५ सेकंदांहून जास्त चालणार असेल तर वाचणाऱ्याला तो थांबवता यावा, हेही त्याच निकषांत आहे. देवनागरीला तर आणखी जपावं लागतं. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशेबाने ठेवलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात, आणि बारीक अक्षरांत ‘द्ध’ कुठला नि ‘द्व’ कुठला ते कळत नाही.

चांगलं डिझाइन भपकेबाज असावं लागत नाही. ब्रिटन सरकारचं जीओव्ही डॉट यूके २०१२ मध्ये सुरू झालं. पांढऱ्यावर काळी अक्षरं, चित्रं जवळपास नाहीतच. लंडनच्या डिझाइन म्युझियमने २०१३ मध्ये त्यालाच वर्षातलं सर्वोत्तम डिझाइन ठरवलं. जन्मतारखेसाठी तिथे दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने असतात. सत्तरीतल्या माणसाला कॅलेंडर महिना-महिना मागे ढकलत बसावं लागत नाही.

आता बटणं. अक्षर मोठं करण्याची सोय प्रत्येक ब्राउझरमध्ये असतेच. स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकून वाचणाऱ्याला त्या बटणांचा काही उपयोग नाही. स्कॅन केलेली पीडीएफ त्याच्यासाठी कोरं चित्र असते. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये देवनागरी दिसते खरी, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं नि चिन्हं, त्यामुळे कानावर पडतो निव्वळ गोंधळ. आणि ही कुणाची मेहेरबानी नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांनाही सहज वापरता येण्याचे, निकष नुसते सल्लावजा असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावलं. एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने डिजिटल सुविधा मिळणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. प्रश्न होता डिजिटल केवायसीत, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीत, पापण्या मिटून दाखवण्याच्या सक्तीचा, जी ॲसिड हल्ल्यातल्या काही पीडितांना पाळताच येत नाही.

राहिलं सेवा केंद्र. तिथे आधार क्रमांक, पासबुक आणि मोबाइलवर आलेला ओटीपी परक्या माणसाच्या हाती द्यावा लागतो. घरबसल्या होणाऱ्या कामासाठी दिवसाची मजुरी बुडते, ती वेगळीच.

आईचा अर्जही शेवटी केंद्रातच भरला गेला. तिथल्या मुलाला तो रकाना पाठ होता. ‘तारखेत तिरकी रेघ चालत नाही मावशी, आडवी द्यायची,’ एवढंच तो म्हणाला.