‘२१ दिवसांत मेंदू कोरा होतो’ असे उंदरांनी सांगितलेले नाही

गेले काही महिने खानापूर, हुक्केरी आणि निपाणी भागातल्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून सिद्ध केले आहे, असे सांगत तो पुढील गोष्टी मांडतो. दारू, तंबाखू किंवा कोणतीही नशा २१ दिवस बंद ठेवली की मेंदूतली व्यसनाची आठवण पुसली जाते आणि मेंदू कोरा होतो. ही आठवण घालवणारे औषधही सापडले आहे. चांगली सोबत मिळताच उंदरांनी नशा आपोआप सोडली, म्हणजे माणूस पितो तो घरच्यांमुळेच. म्हणून डॉक्टरकडे न जाता एका दिवसात सगळे बंद करावे, आणि त्यातूनही जो पुन्हा पितो त्याला सुधारायचेच नसते. मी खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात जीवशास्त्र शिकवत असे आणि निवृत्तीनंतर गावातल्या व्यसनमुक्तीच्या साप्ताहिक बैठकीला बसतो. त्या बैठकीतल्या तिघांनी हा मजकूर मला वेगवेगळा पाठवला, तोही मोठ्या आशेने. म्हणून त्यातल्या प्रत्येक विधानाला उत्तर देणे मला माझे काम वाटते.

‘एका दिवसात सगळे बंद करावे’ हे विधान सर्वांत धोक्याचे असल्याने सुरुवात तेथूनच करतो. दारू मेंदूतल्या गाबा या शांतवणाऱ्या रसायनाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेट या चेतवणाऱ्या रसायनाचा जोर दाबते. हे वर्षानुवर्षे रोज चालले की मेंदू तोल सांभाळण्यासाठी उलट बाजूने ताण धरतो. गाबाला कमी दाद देऊ लागतो आणि ग्लुटामेटला अधिक. दारू एकाएकी तुटली की तो ताण तसाच राहतो, पण त्याला आवर घालणारे काही उरत नाही. पहिल्या दिवशी हात कापतात आणि घाम सुटतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जणांना भ्रम होतो, ज्यात उपचार न मिळाल्यास जीवही जाऊ शकतो. आमच्या गल्लीतल्या एका गवंड्याने हा मजकूर वाचून एका सकाळी दारू तोडली. तिसऱ्या रात्री मी त्याच्या घरी गेलो तेव्हा तो चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर हात घासत, नसलेल्या मुंग्या झटकत होता आणि बायकोला सांगत होता, ‘बघ की, किती चढल्यात.’ पहाटे त्याला बेळगावला हलवले आणि तो वाचला.

याच बाबतीत प्राण्यांवरचे प्रयोग नेमके उलटे सांगतात. हॉवर्ड बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्या उंदरांची दारू वारंवार देऊन वारंवार तोडली गेली, त्यांना येणारे झटके एकदाच तोडलेल्या उंदरांपेक्षा अधिक तीव्र होते. म्हणजे डॉक्टरांशिवाय दर श्रावणात दारू तोडायची आणि दर दिवाळीत पुन्हा धरायची, हा क्रमही निरुपद्रवी नाही. तंबाखूची गोष्ट यात वेगळी धरावी लागते. ती एकदम सोडल्याने चिडचिड होते, झोप उडते, पण जिवाला धोका होत नाही. दोन्हींना एकच नियम लावणारा मजकूर म्हणूनच घातक आहे.

आता २१ या आकड्याकडे येतो. हा आकडा कोणत्याही उंदराच्या पिंजऱ्यातून आलेला नाही. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहून ठेवले होते की, शस्त्रक्रियेनंतर आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला साधारणपणे किमान २१ दिवस लागतात. त्यातला ‘किमान’ कधीच गळून पडला आणि चेहऱ्याच्या जागी व्यसन आले. साध्या निरुपद्रवी सवयीसुद्धा अंगवळणी पडायला किती वेळ लागतो, हे लंडनमधल्या एका अभ्यासात २०१० च्या सुमारास तपासले गेले, तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाली आणि माणसामाणसातला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता.

मेंदू सावरतच नाही, असे मी म्हणत नाही. तो सावरतो, आणि हे सांगताना मला आनंदच होतो. उंदरांना चार दिवस भरपूर दारू पाजून थांबवल्यावर, सातव्या दिवशी त्यांच्या हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागात नव्या पेशी तयार होण्याचा वेग एकदम वाढलेला दिसला. हे काम निक्सन आणि क्र्यूज यांनी २००४ साली प्रसिद्ध केले. धूम्रपान सोडणाऱ्या माणसांच्या मेंदूतले निकोटीनचे वाढलेले ग्राहक (रसायनाला दाद देणारी पेशींवरची प्रथिने) काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कमी होत जातात. पण नोरा व्होल्कोव यांच्या गटाने २००१ साली मेथॲम्फेटामाइन हा अमली पदार्थ सोडलेल्या माणसांचे मेंदू तपासले, तेव्हा डोपामिन हे मेंदूतले रसायन परत उचलून घेणारी प्रथिने भरून यायला वर्षभर ते सतरा महिने लागलेले दिसले, आणि तेवढ्या काळानंतरही स्मृतीच्या व हालचालींच्या चाचण्यांत तितकी ठळक सुधारणा नव्हती. मेंदूचे एकेक अंग आपापल्या गतीने बरे होते. सगळ्यांसाठी एकच तारीख लावता येत नाही.

या मजकुराने ज्याचे नाव घेतले ती आठवण तर सर्वांत उशिरा हलते. बैठकीला येणाऱ्या एका शेतकऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने २१ फुल्या मारल्या होत्या. बाविसाव्या दिवशी तो बाजाराला गेला, बसस्टँडजवळच्या दुकानापुढून चालताना कोणीतरी दारूचे ९० मिलिलिटरचे पाकीट दातांनी फाडले, आणि तो ‘चर्र’ आवाज ऐकताच आपले पाय थांबले, असे त्याने आम्हाला सांगितले. खाली बघत तो म्हणाला, ‘झालं की ओ सर एकवीस दिवस, मग का ओढलं मला?’

त्याच्या प्रश्नाचे उत्तर २००१ साली ग्रिम, होप, वाइज आणि शहाम या संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात आहे. खटका दाबला की कोकेनची मात्रा मिळते आणि त्याच क्षणी दिवा लागून आवाज होतो, एवढे त्यांनी उंदरांना शिकवले. मग कोकेन बंद केले. नंतर वेगवेगळ्या दिवशी उंदरांना परत त्या पेटीत ठेवले, तेव्हा खटका दाबल्यावर कोकेन मिळत नव्हते, फक्त दिवा आणि आवाज होता. पहिल्या दिवसापेक्षा काही आठवड्यांनी उंदीर तो खटका अधिक वेळा दाबत होते, आणि ६० व्या दिवशीही ही ओढ पहिल्या दिवसापेक्षा जास्तच होती. पुढे हेरॉइन, निकोटीन आणि दारूच्या बाबतीतही असेच आढळले. २००८ साली असेही दिसले की, कोकेन तुटल्यानंतरच्या काळात मेंदूतल्या न्यूक्लिअस अकम्बन्स या भागातील पेशींच्या जोडणीवर वेगळ्या धाटणीचे ग्लुटामेट ग्राहक हळूहळू साठत जातात आणि त्यामुळे नशेची आठवण करून देणाऱ्या खुणेला, जसे तो दिवा आणि आवाज, मिळणारी दाद वाढते. म्हणजे एकविसावा दिवस हा सुटकेचा दिवस नसून ओढ चढत असतानाचा दिवस असू शकतो. त्या शेतकऱ्याला कोणी हे आधी सांगितले असते, तर त्याने त्या दिवशी तो रस्ताच धरला नसता.

आठवण पुसणारे औषध सापडले, या विधानामागे एक खरे आणि सुंदर संशोधन आहे. करीम नादर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लेडू यांनी २००० साली दाखवले की, उंदराची भीतीची जुनी आठवण जागी केली की ती काही काळ कच्ची होते आणि पुन्हा पक्की व्हायला मेंदूला नवी प्रथिने लागतात. त्या वेळी अमिग्डाला या भागात प्रथिननिर्मिती थांबवणारे रसायन टोचले तर आठवण क्षीण होते. सहा तासांनी टोचले तर काहीच होत नाही. २००५ साली केंब्रिजमध्ये ली, एव्हरिट आणि सहकाऱ्यांनी हाच मार्ग कोकेनच्या खुणांसाठी वापरला. पण या प्रयोगांतली द्रव्ये कवटीला छिद्र पाडून सुईने थेट मेंदूत सोडलेली होती. माणसाच्या बाबतीत २०१२ साली चीनमध्ये आशादायक काम झाले: हेरॉइन सोडलेल्यांना खुणा दाखवून आठवण जागी केली, दहा मिनिटांनी त्याच खुणा पुन्हा पुन्हा दाखवल्या, आणि सहा महिन्यांनंतरही त्यांची ओढ कमी आढळली. तेथे गोळी नव्हती, प्रशिक्षित माणसांनी घेतलेली सत्रे होती. हे औषध म्हणून कोणी पुडी विकत असेल तर ती घेऊ नये.

चांगल्या सोबतीचा दाखला ब्रूस अलेक्झांडर यांच्या १९७० च्या दशकातल्या कॅनडातील प्रयोगावर उभा आहे. मोकळ्या जागेत नर-मादी एकत्र राहणारे उंदीर, एकेकट्या पिंजऱ्यातल्या उंदरांपेक्षा मॉर्फिनचे गोड पाणी बरेच कमी पीत होते. प्रयोग महत्त्वाचा आहे, पण नंतर इतरांनी तो करून पाहिला तेव्हा निकाल सारखा आला नाही. त्यापेक्षा मला मार्को वेनिरो आणि यावीन शहाम यांचे २०१८ चे काम अधिक मोलाचे वाटते. एक खटका दाबला की अमली पदार्थ मिळतो, दुसरा दाबला की दार उघडून सोबती भेटतो, असा पर्याय दिल्यावर उंदरांनी बहुतेक वेळा सोबती निवडला. मात्र दार उघडायला उशीर लावला, किंवा सोबतीकडे जाताना शिक्षा दिली, की हे संरक्षण कमी झाले. यातून ‘माणूस पितो तो घरच्यांमुळे’ असे मुळीच निघत नाही. नवऱ्याच्या दारूचे खापर बायकोच्या डोक्यावर फोडायला कोणत्याही उंदराने पुरावा दिलेला नाही.

जो पुन्हा पितो त्याला सुधारायचेच नसते, या विधानाला उत्तर वर येऊन गेले आहे. नुसत्या दिव्यासाठी आणि आवाजासाठी पुन्हा पुन्हा खटका दाबणाऱ्या उंदराला कोणी खोटारडा म्हणत नाही.

ज्यांना दारू सोडायची आहे त्यांनी आधी डॉक्टरांना रोजचे प्रमाण खरे सांगावे. गरजेप्रमाणे थोड्या दिवसांची औषधे आणि जीवनसत्त्व बी-१ देऊन हे सुरक्षितपणे करता येते. आपल्याला धारवाडची मानसिक आरोग्य संस्था जवळ आहे, आणि १४४१६ या टेली मानस क्रमांकावर फोन फुकट लागतो. त्या शेतकऱ्याने कॅलेंडर काढून ठेवले आहे. बाजाराच्या दिवशी तो आता बसस्टँडच्या एक थांबा आधी उतरतो आणि शाळेमागच्या वाटेने भाजीच्या ओळीत शिरतो. धाकटी मुलगी पिशवी धरून त्याच्याबरोबर असते.