काजळी मानेवर, खापर पावडरवर

रायफलची काडतुसं घरी भरणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं हातोहात फिरतो आहे. "झाडलेल्या पुंगळीची मान काळी निघाली म्हणजे लोड कमजोर. मान लख्ख निघेपर्यंत थोडी थोडी पावडर वाढवत जा. तरीही काळीच राहिली तर चेंबर मोठं कापलंय. आणि पुन्हा भरण्याआधी मान आतून-बाहेरून घासून चकचकीत करा, नाहीतर ग्रुप फाटतील." या चार वाक्यांतलं एकही जसंच्या तसं खरं नाही. दुसरं तर डोळ्यावर बेतू शकतं. (पुंगळी म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं, मान म्हणजे गोळी धरणारं तिचं अरुंद टोक, आणि मानेखालचा उतार तो खांदा. चेंबर ही रायफलमधली काडतूस बसायची जागा, लोड म्हणजे काडतुसातला भरणा, आणि ग्रुप म्हणजे निशाण्यावर पडलेल्या छिद्रांचा पुंजका. तो फाटला म्हणजे छिद्रं विखुरली.)

आधी "लोड कमजोर" घेऊ. प्रायमर, म्हणजे पावडर पेटवणारी बुडातली टोपी, पेटला की दाब एका झटक्यात शिखरावर पोचत नाही, तो चढत जातो. अगदी सुरुवातीच्या क्षणांत मान फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटावी इतका जोर त्यात नसतो. गोळी मात्र मानेतून सुटायला लागलेली असते, त्यामुळे थोडा वायू तिच्या कडेने पुढे येतो आणि मान व चेंबर यांच्यातल्या फटीत मागे वळतो. मग दाब वाढतो, पितळ भिंतीला घट्ट बसतं आणि वाट बंद होते. मानेवरची काजळी ही वाट बंद होण्याआधीची खूण आहे. ३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाची दाबाची मर्यादा ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) आहे, पण हा आकडा शिखराचा. शिखर येतं तेव्हा दार केव्हाच लागलेलं असतं. जे दार लागण्याआधी घडलं, त्यावरून शिखर किती उंच होतं हे कसं सांगणार? पूर्ण ताकदीच्या लोडमध्येही मानेवर काळा पट्टा येतो, आणि त्यात बिघडलेलं काही नसतं.

सल्ला अगदीच हवेतून आलेला नाही, हेही मान्य करायला हवं. लोड खरोखर हलका असेल तर काजळी मानेवर थांबत नाही. ती खांदा ओलांडून पुंगळीच्या अंगावर उतरते, कधी खांद्याजवळ पितळ आत दबलेलंही दिसतं. म्हणून काळं आहे की नाही यापेक्षा ते कुठे संपतं हे पाहावं. मानेवर किंवा खांद्याच्या वरच्या भागात संपलं तर पुसा आणि पुढे चला. खांद्याखाली गेलं तर कारण शोधा. एकाच बाजूला जास्त असेल तर मानेची जाडी सगळीकडे सारखी आहे का ते मोजा, कारण जाड बाजू उशिरा फुगते. आणि मानेवर उभी, केसासारखी काळी रेघ दिसली तर ती बहुधा चीर असते. ती पुंगळी भंगारात.

आता "पावडर वाढवत जा". काजळी खांद्यापर्यंत पोचायला पावडरशी संबंध नसलेली कारणंही असतात, आणि त्यातलं सगळ्यात नेहमीचं म्हणजे थकलेलं पितळ. काडतुसाचं पितळ साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. प्रत्येक वेळी झाडताना मान फुगते आणि डायमध्ये, म्हणजे पुंगळी मापात आणणाऱ्या साच्यात, ती पुन्हा दाबली जाते. हे होत राहिलं की पितळ कडक होतं. कडक मान फुगायला जास्त दाब मागते, म्हणजे वाट उशिरा बंद होते. मी स्वतः यात फसलो आहे. लोड तोच, पावडरचा डबा तोच, पण मानेवरची काजळी हळूहळू खाली सरकत होती. पावडर ओलसर झाली असेल, तराजू चुकत असेल, सगळे संशय घेऊन झाले. शेवटी त्याच दिवशी तोच लोड कोऱ्या पुंगळ्यांत भरून झाडला, तर काजळी मानेच्या टोकाशी थांबली. एवढी तुलना पहिल्याच दिवशी करायला हवी होती. अशा वेळी उपाय ॲनीलिंगचा: फक्त मान आणि खांदा तापवून पितळ पुन्हा नरम करायचं. बुडाला उष्णता पोचू द्यायची नाही. बूड नरम पडलं तर दाब पेलणारं तिथे काही उरत नाही, आणि त्याच्या मागे थेट आपला चेहरा असतो.

पावडर वाढवण्यातला खरा धोका वेगळाच आहे. काजळी पुंगळीवर दिसते तशी चेंबरच्या तोंडाशी, मान जिथे संपते तिथेही साठते आणि दगडासारखी टणक कडी बनते. ही कडी वाढली की मानेला फुगून गोळी मोकळी करायला जागा उरत नाही. दाब चढतो, आणि जुन्या कडक पुंगळ्यांची मान तरीही काळीच निघत राहते. अशा वेळी काजळीकडे बघून पावडर वाढवणारा माणूस वाढलेल्या दाबावर आणखी दाब चढवत असतो. तपासणी सोपी आहे. नुकत्याच झाडलेल्या, डायमध्ये न घातलेल्या पुंगळीच्या मानेत कोरी गोळी सोडून बघा. ती अलगद आत सरकली पाहिजे. अडली, तर आधी तोंडाची कड आत वळलेली नाही ना ते बघा. तसं नसेल तर काम थांबवा, चेंबर साफ करा, पुंगळीची लांबी आणि मानेची जाडी मोजा. हे होईपर्यंत एक दाणाही वाढवू नका.

लोड खरंच हलका आहे असं वाटत असेल तर क्रोनोग्राफ या यंत्रावर गोळीचा वेग मोजा, तो पावडर बनवणाऱ्याने छापलेल्या तक्त्याशी ताडून बघा, आणि वाढवायचंच झालं तर कमाल आकड्याच्या आतच. किमान आकड्याच्या खालीही जाऊ नका. त्या तक्त्यात "मान स्वच्छ निघेपर्यंत" असा रकाना नसतो.

"चेंबर मोठं कापलंय" याचा हिशेब दोन ओळींत होतो. ३०८ ची गोळी ०.३०८ इंच, मानेची भिंत समजा १५ थाउ, म्हणजे इंचाचे १५ हजारावे भाग. दोन्ही बाजू धरून भरलेल्या काडतुसाची मान ०.३३८ इंच होते. कारखान्याच्या चेंबरमध्ये तिच्याभोवती चार-सहा थाउ मोकळीक असणं नेहमीचंच. कुठल्याही बनावटीचं, थोडं मळलेलं काडतूसही सुरक्षित बसावं म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असते. एक-दोन थाउची फट बेंचरेस्टवाल्यांच्या, म्हणजे रायफल टेकूवर ठेवून अचूकतेच्या स्पर्धा खेळणाऱ्यांच्या, खास कापलेल्या चेंबरमध्ये असते, आणि ते त्यासाठी मान तासून मोजूनमापून घेतात. गंमत अशी की त्यांचं बघून काही जण कारखान्याच्या चेंबरसाठीही मान तासतात, फट आणखी वाढवतात आणि मग काजळीची तक्रार करतात.

राहिलं चकचकीत करणं. बाहेरची काजळी डायमध्ये घालण्याआधी पुसावी हे बरोबर, कारण तिचे खरखरीत कण डायला आणि पितळाला ओरखडे पाडतात. आतल्या बाजूचा नियम मात्र उलटा. मानेच्या आतला पातळ काळा थर गोळी बसताना वंगणाचं काम करतो. अल्ट्रासॉनिक यंत्रातून किंवा स्टीलच्या पिनांबरोबर ओल्या ड्रममधून काढलेली मान आतून कोरडी ठणठणीत होते. मग एक गोळी सहज बसते, दुसरी करकरत बसते, आणि ज्या ग्रुपसाठी घासलं तेच फाटतात. भरून बरेच महिने ठेवलेल्या काडतुसांत गोळी पितळाला चिकटूनही बसते. नायलॉनच्या ब्रशचे दोन फेरे पुरेत. आधीच लख्ख करून बसला असाल तर कोरडं ग्रॅफाइट लावा.

आणि घासायला घरातलं पितळेची भांडी उजळण्याचं पॉलिश वापरणार असाल तर आधी त्यात अमोनिया नाही ना ते बघा. ताण असलेल्या पितळाला अमोनिया तडे पाडतो. ब्रिटिश लष्कराने भारतात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवलेली काडतुसं न झाडताच चिरायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळात उरलेला ताण, एवढं त्याला पुरत होतं. याचा नीट उलगडा १९२१ साली झाला. डायमधून निघालेल्या मानेत तसाच ताण असतो, त्यामुळे झाकण उघडताच नाकात झोंबणारी बाटली पुंगळ्यांच्या डब्यापासून लांब ठेवा.