गोल भरला, पगाराचं काय?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीनला टोयोटा येणार, इलेक्ट्रिक स्कूटरवाली एथर येणार, हे 2024 पासून आपण ऐकतोय. येऊ देत, चांगलंच आहे. 1985 मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि गंगापूर, पैठण, वैजापूरकडच्या किती घरांत पहिल्यांदा महिन्याच्या महिन्याला पगार यायला लागला, हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. पण दर वेळी चर्चा एकाच आकड्याची होते, रोजगार किती मिळणार? कंपनीत लागलेलं पोरगं पाच वर्षांनी तिथं काय करत असेल, हे कुणी विचारत नाही. पुढारी नाही, पेपरवाले नाहीत, पोराचा बापही नाही. तो बिचारा "लागला एकदाचा" म्हणून पेढे वाटून मोकळा होतो.

मी वाळूजमध्ये क्वालिटीत काम करते. मोठ्या गाडी कंपन्यांना पार्ट पुरवणारी जी लहान-मध्यम युनिट्स आहेत, त्यांत. यातल्या प्रत्येक ठिकाणी रिसेप्शनला एक फ्रेम असते, 'माणूस हीच आमची संपत्ती' वगैरे. एचआरचं पॉलिसी मॅन्युअल असतं, वाढदिवसाला केक असतो, कायझेन, म्हणजे काम सुधारायची सूचना, दिलं की स्टीलचा डबा मिळतो. (माझ्या घरी असे डबे इतके झालेत की आई आता लोणचं त्यातच मुरवते.) हे सगळं मी आता बघत नाही. कंपनी किती पुढारलेली आहे हे बघायचं असेल तर मी सरळ लाइनवर जाते आणि स्किल मॅट्रिक्सचा बोर्ड बघते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लाइनच्या तोंडाशी लॅमिनेट केलेला एक तक्ता असतो. डावीकडं माणसांची नावं, वरती ऑपरेशनं: टर्निंग, ड्रिलिंग, बोअरिंग, फायनल इन्स्पेक्शन. प्रत्येक चौकटीत एक गोल, त्याचे चार भाग. एक पाव भरला म्हणजे माणूस शिकतोय. अर्धा म्हणजे कुणाच्या तरी नजरेखाली काम करतो. पाऊण म्हणजे एकटा मशीन सांभाळतो. पूर्ण गोल म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. हा बोर्ड हौसेनं लावलेला नसतो. आयएटीएफ 16949 चं, म्हणजे वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचं, सर्टिफिकेट हवं असेल तर माणसांची सक्षमता कशी ठरवता ते दाखवावं लागतं, आणि हा तक्ता त्यासाठी सगळ्यात सोयीचा.

वाहन उद्योगातली ही फार हुशार पद्धत आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. दहावी नापास माणसालाही कळतं की आपण कुठं उभे आहोत आणि पुढची पायरी कुठली. पुण्या-मुंबईच्या ऑफिसांतली पोरं 'करिअर ग्रोथ'साठी कुठले कुठले कोर्स करतात. आमच्या ऑपरेटरची ग्रोथ भिंतीवर काळ्या मार्करनं काढलेली असते. गोची एकच आहे. हा बोर्ड ऑडिटरला दाखवायला असतो. पगाराच्या शीटला त्याचा पत्ता नसतो.

एकदा कस्टमर ऑडिटच्या आधी मी बोर्डवरच्या तारखा तपासत होते. गंगापूर तालुक्यातला एक ऑपरेटर मागं येऊन उभा राहिला. बोअरिंगवरचा सगळ्यात पक्का माणूस. म्हणाला, "मॅडम, माझे चारी पाव भरून दोन वर्षं झाले. नवीन लेकरांना मीच शिकवायलोय. गोल भरला, पगाराचं काय?"

मी उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडं नव्हतं. इन्क्रिमेंट सगळ्यांना सारखंच, आणि जे थोडंफार वर-खाली होतं ते सुपरवायझरच्या मर्जीनं. पुढं तो चाकणला गेला. तीन-चार हजारांच्या फरकासाठी. तिथल्या खोलीभाड्यात त्यातलं अर्धं जात असणार, हे त्यालाही माहीत होतं. आमच्या रांजणगाव शेणपुंजीत खोली करून राहणारी किती तरी पोरं शेवटी पुण्याकडच्या रांजणगावला जातात, हा आमच्याकडचा जुना विनोद आहे.

तो गेल्यावर काय झालं ते सांगते, कारण "माणसं टिकत नाहीत हो मॅडम" म्हणणाऱ्या मालकांना हा हिशेब कुणी मांडून दाखवत नाही. बोअरिंगचा इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, झिजत जातो तसा बोअर, म्हणजे पार्टमधलं भोक, लहान येत जातो. मुरलेला ऑपरेटर मोजायच्या गेजवर दोन-चार पीसचा कल बघतो आणि मशीनमध्ये दुरुस्तीचा जो आकडा टाकायचा असतो त्यात, म्हणजे ऑफसेटमध्ये, थोडं थोडं वाढवतो. नवीन पोरानं गडबडीत 0.05 च्या जागी 0.5 टाकलं. दशांश चिन्हानंतरचं एक शून्य गेलं, बस. बोअर मोठा झाला आणि मोठा झालेला बोअर परत लहान करता येत नाही. शिफ्ट बदलायच्या घाईत ट्रे पुढं सरकला. आधी स्क्रॅप, मग कस्टमरची तक्रार, मग कस्टमरच्या गोडाऊनमध्ये माणसं पाठवून चांगले-खराब पीस वेगळे करणं, त्यांचं जाणं-येणं, राहणं, ओव्हरटाइम. एवढ्या पैशात त्या गंगापूरच्या माणसाची पगारवाढ कित्येक महिने निघाली असती. पण स्क्रॅपचा खर्च एका खात्यात पडतो आणि पगाराचा दुसऱ्या, म्हणून तो कुणाला बोचत नाही.

मालकांची बाजू मला कळत नाही असं नाही. कस्टमर दरवर्षी भाव कमी करून मागतो. बिल वेळेवर निघत नाही. लहान उद्योगांचे पैसे 45 दिवसांत द्यायचे हे 2006 च्या कायद्यात लिहिलंय. आता तर वेळेत दिले नाहीत तर त्या वर्षी आयकरात तो खर्च धरता येत नाही, तरीही फोनवर फोन करावे लागतात. अशात पगार वाढवा म्हटलं की मालकाचा चेहरा उतरणारच. पण मी सरसकट वाढवा म्हणतच नाहीये. ज्याचा गोल भरलाय त्याचा वाढवा, एवढंच म्हणतेय.

आणि एक गंमत. कधी कधी वाढ कामगारच नको म्हणतो. ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, त्यात घरच्यांचाही दवाखाना होतो. त्याची पगाराची मर्यादा 2017 पासून 21 हजारांवर अडकलीये. पगार त्याच्या वर गेला की चालू असलेला वर्गणीचा कालावधी संपल्यावर ईएसआय बंद. घरात आजारी म्हातारी असेल तर माणूस म्हणतो, "मॅडम, आठशे रुपये वाढवून माझ्या मायचा दवाखाना बंद करू नका." एचआर हसतं आणि म्हणतं, बघा, यांनाच नकोय. अहो, नकोय कसं? मधल्या आठशेवर थांबू नका, एकदम पुढच्या टप्प्याला न्या आणि सोबत कंपनीचा मेडिक्लेम द्या, आई-वडिलांसकट.

आता बोर्डवर जी नावंच नसतात त्यांचं. मी पाहिलेल्या बऱ्याच बोर्डांवर परमनंट लोकांची नावं छापलेली असतात आणि खाली कॉन्ट्रॅक्टवाल्यांसाठी नुसतं 'सीएल' (कॉन्ट्रॅक्ट लेबर) लिहिलेल्या कोऱ्या ओळी. नाव पेन्सिलनं. कारण 240 दिवस भरले की कायद्यानं वर्षाची सलग नोकरी धरली जाते, म्हणून त्याच्या आत त्याला ब्रेक द्यायचा असतो. ब्रेक संपला की तेच पोरगं दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर त्याच मशीनवर येतं आणि त्याचा गोल पुन्हा पहिल्या पावापासून. हात तेच, कसब तेच, कागद कोरा. अप्रेंटिसचं वेगळंच. 1961 च्या कायद्यानं तो कामगार नसतो, शिकाऊ असतो. ठीक. मग शिकवा ना! वर्षभर एकाच मशीनवर लोडिंग-अनलोडिंग करून घेतलं तर तो फक्त स्वस्त हेल्पर झाला. त्याच्या ओळीत वर्षाअखेर किती गोल किती भरले, हे कुठल्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

बायकांची ओळ बघितली की माझा पारा चढतो. असेंब्लीत, वायरिंग हार्नेसमध्ये (गाडीतल्या वायरींची जुडी बांधायच्या कामात) लाइनच्या लाइन पोरींच्या जिवावर चालते, पण त्यांचे गोल अर्ध्यावर अडकलेले. का? तर सेटिंगचं, म्हणजे पुढच्या कामासाठी मशीन जुळवायचं, काम तिसऱ्या शिफ्टला होतं, आणि तिसऱ्या शिफ्टला बायका नसतात. अहो, सेटिंग आठवड्यातून एकदा फर्स्ट शिफ्टला लावा, कोण नको म्हणतंय? दुसरं याहून वाईट. 2017 पासून बाळंतपणाची रजा 26 आठवडे झाली. बाई रजेवरून परत येते तेव्हा तिची ओळ पुसून तिथं दुसरं नाव आलेलं असतं, आणि ती परत 'शिकाऊ'. सहा-सात वर्षं क्रिम्पिंग (वायरीच्या टोकाला टर्मिनल दाबून बसवणं) केलेल्या बाईला क्रिम्पिंग शिकायला बसवलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. शिकवणारी पोरगी तिच्याच हाताखाली तयार झालेली. दोघी एकमेकींकडं बघून हसत होत्या, म्हणून तेवढं निभावलं.

हे सगळं बदलता येतं का? मी काम केलेल्या एका युनिटमध्ये मालकीणबाईंनी प्रयत्न केला. प्रत्येक पायरीला ठरावीक रक्कम, नोटीस बोर्डावर मराठीत लिहून. पूर्ण गोलवाल्याला शिकवण्याचा वेगळा भत्ता. पहिल्या तिमाहीत नुसता गोंधळ. जो तो म्हणायचा माझा गोल भरा. सुपरवायझरांनी आपापल्या गाववाल्यांचे गोल भरून टाकले. मग नियम केला की परीक्षा दुसऱ्या लाइनचा सेटर घेणार, मशीनवर, आणि नापास झाला तर काय चुकलं ते लिहून देणार. त्यावरही भांडणं झाली. तरी दोन गोष्टी माझ्या देखत बदलल्या. जुने ऑपरेटर जे आधी आपली युक्ती नवीन पोरांपासून लपवून ठेवायचे ते सांगायला लागले, कारण आता शिकवण्याचे पैसे होते. आणि पोरं रविवारीसुद्धा ड्रॉइंग वाचायला येऊन बसायला लागली. सगळे टिकले असं नाही. चांगले काही जण गेलेच, मोठ्या कंपनीत परमनंट मिळतंय म्हटल्यावर कोण थांबेल? पण जाणाऱ्याच्या मागं मशीन बंद पडायचं थांबलं.

हे करायला परदेशी कन्सल्टंट लागला नाही. बोर्ड होताच. तो पगाराला जोडायला एक एक्सेल शीट आणि मालकाची तयारी लागली.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्यात. त्यात प्रत्येकाला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे, आणि मुदतीच्या नोकरीवरच्या माणसाला पाच वर्षं न थांबता एका वर्षावर ग्रॅच्युइटी आहे. चांगलं आहे. मला भीती एवढीच की आता ब्रेक अकराव्या महिन्यात पडेल. कायद्यानं दिलेल्या दारातून माणसाला आत घेण्याऐवजी कुलूप कुठं लावायचं याचाच विचार करणारे लोक आपल्याकडं कमी नाहीत.

म्हणून आयटीआय, डिप्लोमा करणाऱ्या पोरापोरींना, आणि त्यांच्या आईबापांनाही, माझं सांगणं आहे. मुलाखतीला गेलात की बसची सोय आणि कँटीन विचारताच, तसं हेही विचारा: लाइनवर स्किल मॅट्रिक्स आहे का, त्यात माझं नाव कधी येणार, एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर किती महिन्यांनी जाता येतं, आणि गोल भरला की पगारात काय फरक पडतो. चिडतील असं वाटतं, पण सहसा चिडत नाहीत, गोंधळतात. उत्तर "ते मॅनेजमेंट बघतं" असं आलं तर समजून घ्या. तरीही तिथंच लागावं लागलं, तर ज्या ज्या ऑपरेशनची ट्रेनिंग झाली तिच्या रेकॉर्डची सहीची झेरॉक्स मागून घ्या आणि नोकरी सोडताना अनुभवपत्रात नुसतं 'ऑपरेटर' नाही, मशीनचं नाव, ते चालवणाऱ्या कंट्रोलरचं (मशीनच्या कॉम्प्युटरचं) नाव आणि सेटिंग येतं की नाही हे लिहून घ्या. बिडकीनच्या गेटवर उद्या हाच कागद चालणार आहे.