रात्री चालतो, दिवसा चालत नाही

गेल्या श्रावणात रात्री दीडला वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. १०८ ला फोन लावला, गाडी आली, गाडीतल्या डॉक्टरांनी चघळायला गोळी दिली, ऑक्सिजन लावला आणि तालुक्याच्या एका खाजगी हॉस्पिटलात पोचवलं. तिथं एक पोरगेलासा डॉक्टर, डोळे झोपेनं तांबारलेले, त्यानं ईसीजी काढून मोठ्या सरांना व्हॉट्सॅपला टाकला, सर स्पीकरवर सांगत गेले आणि हा इंजेक्शनं देत गेला. सर स्वतः उगवले सकाळी साडेनऊला, आंघोळ करून, गंध लावून. बिलात मात्र ‘रात्री फिजिशियन व्हिजिट’ चे पैसे सरांच्या नावावर! नंतर कळलं की गाडीतले बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी घेतलेले, आणि हा पोरगाही बीएएमएस.

हे आठवलं कारण फॅमिली ग्रुपवर परत ते क्रॉसपॅथीचं, म्हणजे एका पॅथीच्या डॉक्टरनं दुसऱ्या पॅथीची औषधं द्यावीत का याचं, भांडण पेटलंय. एक मामा म्हणतात आयुर्वेदवाल्यांनी काढे द्यावेत, अ‍ॅलोपॅथीला हात लावू नये. पण मामा, आपल्या राज्यात १९६१ चा कायदा आहे आणि १९९२ ची अधिसूचना आहे, त्यानुसार बीएएमएसना आधुनिक औषधं देता येतात, फक्त जेवढं शिकवलंय तेवढ्यापुरती. राज्याचा कायदा परवानगी देत असेल तर चालतं असं सुप्रीम कोर्टानंही १९९८ ला म्हटलंय. म्हणजे दुसऱ्या राज्यात जे चालणार नाही ते इथं चालतं. सोनोग्राफी नाही, गर्भपात नाही, ते सरळ गुन्ह्यात जातं. आणि २०२० साली ५८ ऑपरेशनांची जी यादी आली, अपेंडिक्स, मोतीबिंदू वगैरे, ती आयुर्वेदात शल्य (शस्त्रक्रिया) किंवा शालाक्य (डोळे-कान-नाक-घसा) या विषयात एमएस केलेल्यांसाठी, कोपऱ्यावरच्या सगळ्या दवाखान्यांसाठी नाही. तरी मला ती यादी पटलेली नाही. क्षारसूत्रानं, म्हणजे औषधी दोऱ्यानं, भगंदर बरं होतं, त्यात त्यांचा हात कोण धरणार, पण पित्ताशय काढायचं तर आधी किती काढलेत ते मी विचारणारच ना.

खरी मेख त्या ‘जेवढं शिकवलंय तेवढं’ मध्ये आहे. जेवढं म्हणजे किती? औषधांची एक साधी यादी दवाखान्यात भिंतीवर लावायला काय जातं? गुडघेदुखीला दर आठवड्याला स्टेरॉइड टोचणारे पण याच वाक्याच्या आडोशाला बसलेत आणि पेशंटला वाटतं डॉक्टरच्या हाताला गुण आहे.

आणि कोर्टाची गंमत बघा, २०२३ ला गुजरातच्या पगाराच्या केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की इमर्जन्सी ड्युटी आणि ट्रॉमा केअर आयुर्वेदाच्या डॉक्टरांना एमबीबीएससारखी जमणार नाही, म्हणून पगार सारखा नाही. बरं, मग आमच्याकडं १०८ च्या गाडीत रात्री दीडला कोण असतं? जमत नसेल तर बसवू नका, आणि बसवताय तर नीट ट्रेनिंग द्या, पैसे द्या. झोप त्यांची घ्यायची आणि सकाळी बोगस म्हणायचं, हे काय?

त्या पोरानं आता स्वतःचा दवाखाना टाकलाय, वडील बीपी दाखवायला हट्टानं तिथंच जातात. मी आत गेल्या गेल्या भिंतीवरचं सर्टिफिकेट वाचायला लागलो तर तो हसला. म्हणाला, “वाचा काका निवांत. बीपीची गोळी मी देईन, पण ईसीजीत काही दिसलं की सरांकडंच पाठवणार.”

मी म्हटलं, सर ओळख ठेवतात का अजून?

“ठेवतात की. नाइटला माणूस मिळाला नाही की मलाच फोन करतात.”