छंद रक्तात उतरतो म्हणे!

आमच्या धरमपेठेतल्या सोसायटीच्या ग्रुपवर चार दिवसांपासून मेसेज फिरतोय: आईवडिलांचा छंद मुलांच्या रक्तात उतरतोच, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. असं काही सिद्ध झालेलं नाही.

थोडं तथ्य आहे. स्वीडनमधल्या १०,५०० जुळ्यांचा अभ्यास २०१४ साली आला. आयुष्यात कोणी किती तास वाद्याचा रियाज केला, या फरकात ४० ते ७० टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघाला. पण हा आकडा लोकांमधल्या फरकाचा आहे. तुमचा बंटी तबल्यावर बसेलच, असं तो सांगत नाही. घरात पेटी असली की पोराचा हात तिच्यावर जातो, हेही खरंच.

आपल्याच नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. आईवडील डॉक्टर, थोरली बहीण बॅडमिंटनला जायची.

माझं म्हणाल तर, संक्रांतीला गच्चीवर बाबांची चक्री मीच धरायचो, मांजानं बोटं चिरेपर्यंत. 'ओ काट'चा गलका अजून आवडतो, पतंग मात्र कधी हाती धरली नाही. पोरगी धरते. तिला शिकवलं खालच्या मजल्यावरच्या काकांनी.